इंग्रजी वाक्प्रचार : किती शिकायचे, कोणते आणि कसे

स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात 'इडियम्स अँड फ्रेजेस' हे प्रकरण असतेच. डाव्या रकान्यात वाक्प्रचार, उजव्या रकान्यात अर्थ. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, 'बोल्ट फ्रॉम द ब्लू' म्हणजे अचानक झालेला आघात, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. मराठी माध्यमातून आलेली मुले-मुली ही यादी निष्ठेने पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. पण मुलाखतीत किंवा कचेरीच्या बैठकीत चार वाक्ये बोलायची वेळ आली की हीच मुले अडखळतात. पाठ केलेल्यापैकी एकही वाक्प्रचार तिथे कामी येत नाही आणि जे कामी आले असते ते कुणी शिकवलेले नसते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही या प्रश्नाचा विचार आपल्याकडे याद्यांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. गेल्या शंभर वर्षांत कोशकार, भाषाशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी इंग्रजीतल्या ठरीव शब्दसमूहांवर मोठे काम करून ठेवले आहे. त्या कामाचा एकत्र विचार केला तर निष्कर्ष स्पष्ट निघतो: रंगीबेरंगी वाक्प्रचार ओळखण्यापुरते शिकावेत आणि खरी मेहनत साध्या, नजरेत न भरणाऱ्या शब्दजोड्यांवर करावी. हा निष्कर्ष कशाच्या आधारावर उभा आहे ते पाहू.

वाक्प्रचार कशाला म्हणायचे?

सर्वसाधारण व्याख्या अशी की, ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातल्या सुट्या शब्दांच्या अर्थांवरून लागत नाही तो वाक्प्रचार. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 साली 'वर्ड्‌स अँड इडियम्स' हे पुस्तक लिहून इंग्रजी वाक्प्रचारांची वर्गवारी केली. समुद्र, शिकार, स्वयंपाकघर, मानवी शरीर अशा क्षेत्रांतून इंग्रजीने आपले वाक्प्रचार कसे उचलले हे त्यांनी दाखवले. पण ती व्याख्या अपुरी आहे, हे पुढच्या अभ्यासकांच्या लक्षात आले. 1970 मध्ये ब्रूस फ्रेझर यांनी वाक्प्रचार किती 'गोठलेले' असतात याची चढती पायरी मांडली. काहींमध्ये एक शब्दही हलवता येत नाही, काहींमध्ये थोडा बदल चालतो, काही बरेच लवचीक असतात.

1994 साली जेफ्री नुनबर्ग, इव्हान सॅग आणि टॉमस वासो यांनी याचे कारण नेमके मांडले. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. इथे 'स्पिल' हा भाग फोडण्याचा आणि 'बीन्स' हा भाग गुपिताचा, अशी अर्थाची वाटणी करता येते. म्हणून 'द बीन्स हॅव बीन स्पिल्ड' असे कर्मणी रूपही चालते. 'किक द बकेट'मध्ये मात्र बादली कशाचीच जागा घेत नाही, 'मरणे' हा अर्थ सगळ्या समूहाला मिळून चिकटला आहे. त्याचे कर्मणी रूप केले की वाक्प्रचार मोडतो आणि खरोखरच कुणीतरी बादलीला लाथ मारल्याचा अर्थ उरतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद कामाचा आहे. ज्याचे भाग अर्थाला जुळतात तो वाक्प्रचार लक्षातही राहतो आणि वाकवताही येतो. ज्याचे जुळत नाहीत तो जसाच्या तसा घ्यावा लागतो.

शिवाय 'वाक्प्रचार' या एका नावाखाली आपण अनेक निराळ्या गोष्टी कोंबतो. 'पुट अप विथ' (सहन करणे) किंवा 'गिव्ह इन' (नमते घेणे) यांसारखी फ्रेजल व्हर्ब्ज हा एक गट. 'सेफ अँड साउंड', 'प्रोज अँड कॉन्स' अशा, क्रम न बदलणाऱ्या जोड्या हा दुसरा. 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर' सारख्या उपमा तिसरा. म्हणी चौथा. 'यू आर वेलकम', 'नेव्हर माइंड' यांसारखे शिष्टाचाराचे बोल पाचवा. 'ऑन द अदर हँड', 'ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड' असे विचाराला वळण देणारे सांधे सहावा. आणि 'हेवी रेन', 'स्ट्राँग टी' अशा सवयीच्या शब्दजोड्या सातवा. पाठ्यपुस्तके पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटावर बहुतेक जागा खर्च करतात. रोजच्या बोलण्यालिहिण्याचा भार पाचव्या, सहाव्या आणि सातव्या गटावर असतो.

शब्दांची संगत: पामरपासून सिंक्लेअरपर्यंत

या दुर्लक्षित गटांकडे पहिल्यांदा पद्धतशीर लक्ष गेले ते इंग्लंडमध्ये नव्हे, जपानमध्ये. हॅरल्ड पामर हे तोक्योत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनसंस्थेचे काम पाहत होते. 1933 साली त्यांनी इंग्रजीतल्या शब्दजोड्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. जपानी विद्यार्थी व्याकरण चुकत नाहीत, शब्दही जाणतात, तरी वाक्य इंग्रजी वाटत नाही, कारण कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, हा त्यामागचा अनुभव होता. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी गेटनबी आणि वेकफील्ड यांच्यासह तयार केलेला कोश 1942 मध्ये तोक्योतच छापला गेला. ऑक्सफर्डने तो 1948 साली नव्या नावाने काढला. आज आपल्या घराघरांत असलेला 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' तो हाच. परभाषकांच्या गरजेतून जन्मलेला हा कोश शब्दाच्या अर्थासोबत त्याची वापरण्याची चौकटही देतो. आपल्याकडे बहुतेक जण त्यातला अर्थ तेवढा वाचून कोश मिटतात.

लंडनचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1950च्या दशकात हाच विचार सिद्धान्ताच्या पातळीवर नेला: शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. त्याचा खरा पडताळा संगणक आल्यावर मिळाला. जॉन सिंक्लेअर यांनी 1980 पासून बर्मिंगहॅम विद्यापीठात कोबिल्ड प्रकल्प उभा केला, लाखो शब्दांचे खरे लेखन आणि बोलणे संगणकात साठवले, आणि त्यावरून 1987 साली कोश काढला. बोलणारा माणूस प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे निवडत नाही, तो तयार तुकडे उचलतो आणि जोडतो, असे सिंक्लेअर यांनी त्या सामग्रीवरून मांडले. ब्रिट एर्मन आणि बिआट्रिस वॉरन यांनी 2000 साली केलेल्या मोजणीत तपासलेल्या इंग्रजी मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग अशा तयार तुकड्यांचा निघाला.

त्याआधीच, 1983 साली, अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी एक कोडे मांडले होते. व्याकरणाच्या नियमांनी असंख्य शुद्ध वाक्ये तयार होतात. त्यांतली थोडीच मूळ भाषक प्रत्यक्ष बोलतो. आणि बोलताना तो इतक्या वेगाने बोलतो की दर शब्दाला विचार करणे शक्यच नाही. दोन्हींचे उत्तर एकच: त्याच्या स्मरणात हजारो तयार वाक्यखंड आहेत. मराठी मुलगा इंग्रजी बोलताना अडखळतो त्याचे मोठे कारण हेच. तो एकेक वीट रचत बसतो आणि समोरचा तयार भिंती उभ्या करत जातो.

हे वाक्प्रचार आले कुठून?

वाक्प्रचारांच्या जन्मकथा रंजक असतात. स्मरणाला त्या मदत करतात, म्हणून त्या सांगण्यात गैर काही नाही. ब्रिटन हे दर्यावर्दी राष्ट्र असल्याने समुद्राचा वाटा मोठा. 'लर्न द रोप्स' म्हणजे कामाची माहिती करून घेणे. शिडाच्या जहाजावर नव्या खलाशाला पहिल्यांदा दोरखंड ओळखावे लागत. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. हा शब्दप्रयोग वाऱ्याच्या दिशेनुसार जहाज चालवण्याच्या परिभाषेतून आला, हे आज इंग्रजालाही बहुधा ठाऊक नसते.

दुसरा मोठा स्रोत बायबल. 'द रायटिंग ऑन द वॉल' (येऊ घातलेल्या अनर्थाची खूण), 'फीट ऑफ क्ले' (थोर माणसातला दोष), 'बाय द स्किन ऑफ माय टीथ' (थोडक्यात बचावणे), 'अ ड्रॉप इन द बकेट' ही त्याची उदाहरणे. डेव्हिड क्रिस्टल यांनी 'बेगॅट' या 2010 सालच्या पुस्तकात 1611च्या किंग जेम्स बायबलमधून इंग्रजीत रुळलेले 257 शब्दप्रयोग मोजले. त्यांतले जेमतेम 18 त्या अनुवादाचे स्वतःचे निघाले, बाकीचे आधीच्या अनुवादांतून आलेले होते. शेक्सपिअरबद्दलही अशीच सावधगिरी हवी. 'ग्रीन-आइड मॉन्स्टर' आणि 'फोरगॉन कन्क्लूजन' हे 'ऑथेल्लो'तून आले, पण त्याच्या नावावर खपणारे काही प्रयोग त्याच्या आधीही लिहिले गेले होते.

खेळ हा तिसरा स्रोत, आणि इथे ब्रिटन व अमेरिका यांच्या वाटा फुटतात. 'हिट फॉर सिक्स', 'ऑन अ स्टिकी विकेट', 'बोल्ड ओव्हर' हे क्रिकेटचे. 'बॉलपार्क फिगर' (ढोबळ आकडा), 'टच बेस' (संपर्क साधणे), 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' (अगदी अनपेक्षित) हे बेसबॉलचे. पुण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्याला दुसरा गट रोज ऐकू येतो, आणि तो आपल्या शालेय यादीत क्वचितच सापडतो. तोच शब्द दोन देशांत उलट अर्थ धारण करतो तेव्हा तर गोंधळ अटळ असतो. सभेत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, आणि अमेरिकेत तो पुढे ढकलणे.

एक वाक्प्रचार तर थेट नाशिकजवळून गेला आहे. देवळालीला ब्रिटिश लष्कराची छावणी होती. मायदेशी परतणारे शिपाई जहाजाच्या हंगामाची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने अडकून पडत. उष्मा, रिकामपण आणि ताप यांनी कित्येकांचे डोके फिरे. त्यावरून 'देवळाली'चे 'डूलॅली' झाले, आपला 'ताप' त्याला जोडून 'डूलॅली टॅप' हा शब्दप्रयोग झाला, आणि 'गो डूलॅली' म्हणजे वेड लागणे हे आजही ब्रिटनमध्ये बोलले जाते.

मात्र जन्मकथांच्या बाजारात खोटा मालही खूप आहे. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'बद्दल सांगतात की, पूर्वी गवती छपरावर मांजरे-कुत्री झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. 1999च्या सुमारास ईमेलमधून फिरलेल्या एका मजकुराने ही कथा जगभर नेली. तिला कोणताही आधार नाही. हा प्रयोग सतराव्या शतकापासून निरनिराळ्या रूपांत आढळतो, जोनाथन स्विफ्ट यांच्या 1738च्या संवादसंग्रहात तो आजच्या रूपात दिसतो, आणि त्याचा खरा उगम निश्चित करता आलेला नाही. 'सेव्ह्ड बाय द बेल'चा संबंध जिवंतपणी पुरलेल्या माणसांच्या घंटेशी जोडतात. तो मुष्टियुद्धाच्या फेरीअखेरच्या घंटेतून आला आहे. 'किक द बकेट' फ्रान्सिस ग्रोस यांच्या 1785च्या बोलीकोशात सापडतो, पण ती बादली कोणती यावर आजही एकमत नाही. शिक्षकांनी कथा जरूर सांगावी. ती सांगण्याआधी चांगला कोश उघडून पाहावा.

किती वेळा वापरले जातात?

शिकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याचे उत्तर याद्या करणाऱ्यांना धक्का देणारे आहे. रोझमंड मून यांनी 1998 साली सुमारे 1 कोटी 80 लाख शब्दांच्या सामग्रीवर हजारो ठरीव शब्दप्रयोग तपासले. बहुसंख्य प्रयोग दहा लाख शब्दांत एकदाही येत नाहीत, असे आढळले. ज्यांना आपण 'अस्सल' वाक्प्रचार म्हणतो ते बहुधा सर्वांत दुर्मीळ. अनेक प्रयोगांची रूपेही बदलती निघाली. कोशात एक रूप छापलेले असते, लोक दोन-तीन वापरतात.

2003 मध्ये डिलिन लिऊ यांनी अमेरिकन बोलीच्या तीन संग्रहांतून सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाक्प्रचारांच्या याद्या काढल्या. शिकवण्याच्या पुस्तकांतले पुष्कळ वाक्प्रचार त्यांत नव्हतेच, आणि जे वर आले ते अगदी साधे होते. त्याच वर्षी रीटा सिम्प्सन आणि दुष्यंती मेंडिस यांनी मिशिगन विद्यापीठातल्या व्याख्याने-चर्चांच्या सुमारे 17 लाख शब्दांच्या संग्रहात 238 वाक्प्रचार शोधले. विद्यापीठीय बोलण्यातही वाक्प्रचार असतात, पण ते 'द बिग पिक्चर', 'बॉटम लाइन' यांसारखे कामाचे असतात. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग नेमके काय शिकावे? रॉन मार्टिनेझ आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी 2012 साली 505 शब्दसमूहांची यादी दिली. हे समूह अत्यंत वारंवार येतात आणि त्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही, म्हणजे वाचणाऱ्याला शब्द कळतात आणि वाक्य निसटते. फ्रेजल व्हर्ब्ज हजारो आहेत, म्हणून त्यांचा धसका घेतला जातो. पण डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी 2007 मध्ये दाखवले की, मोठ्या ब्रिटिश संग्रहात येणाऱ्या सर्व फ्रेजल व्हर्ब्जच्या वापरांपैकी निम्म्याहून अधिक वापर केवळ शंभरांत येतात. अडचण एवढीच की या शंभरांना प्रत्येकी अनेक अर्थ आहेत. 'टेक ऑफ' म्हणजे विमानाचे उड्डाण, कपडे काढणे, रजा घेणे आणि धंद्याने जोर धरणेही. म्हणजे शंभरांचा सखोल अभ्यास हजारांच्या वरवरच्या पाठांतरापेक्षा जास्त फळ देतो.

मन वाक्प्रचार कसे धरते?

डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर यांनी 1979 साली प्रयोगाने दाखवले की, मूळ भाषकाला ओळखीचा वाक्प्रचार साध्या शब्दसमूहापेक्षा लवकर कळतो, कारण तो त्याच्या मनात एका मोठ्या शब्दासारखा साठवलेला असतो. आधी शब्दशः अर्थ लावायचा आणि तो जुळला नाही की लाक्षणिक अर्थाकडे वळायचे, असे होत नाही. परभाषकाला मात्र तो इतक्या सहज कळत नाही. 2011 मध्ये अ‍ॅना सियानोव्हा-चान्तुरिया आणि सहकाऱ्यांनी वाचताना डोळे कसे फिरतात हे टिपले. 'ॲट द एंड ऑफ द डे' असा प्रयोग मूळ भाषक झरझर वाचून पुढे जातात. परभाषकांना तो लाभ मिळत नाही, आणि लाक्षणिक अर्थाशी त्यांचा वेग उलट मंदावतो.

मग परभाषकाला मदत कशाची होते? जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 साली मांडले की, वाक्प्रचारांमागे रूपकांची व्यवस्था असते. राग म्हणजे उष्णता, या एका कल्पनेतून 'बॉइल विथ अँगर', 'ब्लो अ फ्यूज', 'लेट ऑफ स्टीम' निघतात. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही: आपलेही डोके तापते, रक्त उसळते, तळपायाची आग मस्तकात जाते. वाक्प्रचार एकेकटे न शिकवता रूपकाच्या कुटुंबाने शिकवले तर लक्षात राहतात. बेल्जियमचे फ्रँक बोअर्स यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांनी हे पक्के केले. उगम सांगितला, मूळ दृश्य डोळ्यांपुढे उभे केले, तर स्मरण सुधारते. अनुप्रासाचाही उपयोग होतो, हेही त्यांनी तपासले.

टॉमस कूपर यांनी 1999 साली परभाषक विद्यार्थ्यांना विचार मोठ्याने बोलून दाखवायला सांगितले. अर्थ लावायला सर्वाधिक उपयोग संदर्भाचा झाला. दोन रकान्यांची यादी हा संदर्भच पुसून टाकते, ही तिची मूळची खोट आहे.

मराठीची मदत आणि मराठीचा चकवा

सुझॅन इरुहो यांनी 1986 मध्ये स्पॅनिश भाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. दोन्ही भाषांत तंतोतंत सारखे असलेले वाक्प्रचार सर्वांत सोपे ठरले. अगदी निराळे असलेले अवघड गेले, पण त्यांत मातृभाषेची लुडबुड झाली नाही. चुका झाल्या त्या जवळपास सारख्या असलेल्यांत. त्याआधी एरिक केलरमन यांनी डच विद्यार्थ्यांमध्ये उलटी गोष्ट टिपली होती: आपले वाक्प्रचार 'आपलेच' आहेत, ते इंग्रजीत असणे शक्य नाही असे समजून विद्यार्थी जे चालले असते तेही वापरत नाहीत. मराठी विद्यार्थ्यासाठी दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत.

पहिला गट: निर्धास्तपणे घेण्यासारखे. 'जखमेवर मीठ चोळणे', 'आगीत तेल ओतणे', 'एका दगडात दोन पक्षी', 'पाठ फिरवणे', 'नाक खुपसणे' यांचे इंग्रजी जुळे भाऊ जवळपास त्याच रूपात आहेत. मराठी वृत्तपत्रांच्या रोजच्या भाषेतही 'हिमनगाचे टोक', 'मैलाचा दगड', 'लालफितीचा कारभार' हे इंग्रजी घडणीचे प्रयोग मुरलेले आहेत. म्हणजे सामान्य मराठी वाचकाकडे इंग्रजी वाक्प्रचारांचे बरेच भांडवल आधीच आहे. शिक्षकाने ते दाखवून द्यायला हवे.

दुसरा गट चकव्याचा. 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मत्सराने मागे खेचणे. कचेरीतल्या राजकारणाची तक्रार करताना मराठी माणूस हा इंग्रजी प्रयोग वापरतो आणि ऐकणाऱ्याला ती हलकीफुलकी मस्करी वाटते. 'वॉश वन्स हँड्‌स ऑफ' म्हणजे जबाबदारी झटकणे, आपण मात्र वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो ते फायद्यासाठी. सर्वांत रोजचा चकवा परीक्षेचा: मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो, इंग्रजीत विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह'.

तिसरा गट शब्दजोड्यांचा, आणि खरी पडझड इथेच होते. मराठीत चहा कडक, ऊन कडक, शिस्तही कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिस्त 'स्ट्रिक्ट'. आपला पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. त्यांचा पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. आपण स्वप्न पाहतो, इंग्रजीत ते 'हॅव' करतात. यातली एकही गोष्ट वाक्प्रचारांच्या यादीत नसते, कारण प्रत्येक शब्द पाचवीच्या मुलालाही येतो. म्हणूनच त्या चुका पदवीनंतरही टिकतात.

चौथी बाब औचित्याची. 'किक द बकेट' हा आपल्या 'गचकला'च्या जातीचा प्रयोग आहे. परीक्षेच्या यादीत त्यापुढे नुसते 'मरणे' असे लिहिलेले असते. त्यावर विसंबून कुणी वरिष्ठांच्या वडिलांच्या निधनाबद्दल तो वापरला तर नाते कायमचे दुखावेल. 'देवाज्ञा झाली' म्हणायची जागा आपण मराठीत अचूक ओळखतो. इंग्रजीत तिथे 'पास्ड अवे' आहे. कोणता वाक्प्रचार कुणापुढे बोलायचा, हे अर्थाइतकेच शिकवले पाहिजे. म्हणींबाबतही तसेच: इंग्रज माणूस म्हण क्वचितच पूर्ण म्हणतो. 'वेन इन रोम' एवढे बोलून तो थांबतो, उरलेले ऐकणाऱ्याने पुरे करायचे असते.

भारतीय इंग्रजीचा मुद्दा

'डू द नीडफुल', 'आउट ऑफ स्टेशन', 'व्हॉट इज युअर गुड नेम' या प्रयोगांना सरसकट चूक ठरवणे योग्य नाही. 'डू द नीडफुल' हा जुना ब्रिटिश व्यवहारी प्रयोग आहे. तिथे तो मागे पडला, इथे टिकला. 'स्टेशन' हे ब्रिटिश अंमलातल्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे ठिकाण. ब्रज कच्रू यांनी 'द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश' या 1983च्या ग्रंथात भारतीय इंग्रजीला स्वतःचे रूप आणि स्वतःची मान्यता आहे हे साधार मांडले. तेव्हा न्याय्य भूमिका अशी: हे प्रयोग भारतात बिनदिक्कत वापरावेत, परदेशी पत्रव्यवहारात ते समजतीलच असे गृहीत धरू नये. पण 'कोप अप विथ' किंवा 'डिस्कस अबाउट' यांची गोष्ट वेगळी. तिथे एक जास्तीचा शब्द शिरला आहे आणि तो काढणे सोपे आहे.

मग शिकावे कसे?

शब्दप्रयोग टिपण्याची आणि शिकवण्याची आपल्याकडे परंपरा आहे. मोल्सवर्थ यांच्या 1831च्या आणि 1857च्या सुधारित मराठी-इंग्रजी कोशात मराठी शब्दांसोबत त्यांचे प्रयोगही भरपूर आहेत. आल्फ्रेड मॅनवेरिंग यांनी 1899 मध्ये मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी अनुवादासह छापला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' तर भारतीय भाषांत अभिमानाने दाखवावा असा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना वाक्याकडून वाक्याकडे न्यायला शिकवले. पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांच्या व्याकरणाने शिस्त दिली. या पुस्तकांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्यांच्या काळी बोलण्याचे संग्रह नव्हते, वारंवारता मोजता येत नव्हती. आज येते.

शिकणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. एक: वहीत सुटा शब्द लिहू नये, तो ज्या जोडीत भेटला ती जोडी आणि ते पूर्ण वाक्य लिहावे. दोन: शिकणाऱ्यांसाठीचा कोश वापरावा आणि त्यातली उदाहरणे वाचावीत. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स यांचे असे कोश आहेत आणि बऱ्याच अंशी इंटरनेटवर मोफत आहेत. तीन: नवा वाक्प्रचार दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचल्या-ऐकल्याशिवाय बोलण्यात आणू नये. तोवर तो ओळखला तरी पुरे. चार: बातम्या, मुलाखती, क्रिकेटचे समालोचन असे खरे इंग्रजी रोज थोडे ऐकावे आणि त्यातले तुकडे मोठ्याने म्हणावेत, कारण तयार तुकडा जिभेवर बसल्याशिवाय वेळेवर येत नाही.

शिक्षकांचे काम याहून जबाबदारीचे. वर्गात वाक्प्रचार संवादातून यावा, रूपकाच्या कुटुंबासह यावा, मराठीतला सख्खा किंवा सावत्र भाऊ शेजारी उभा करून यावा. आणि सर्वांत मोठी जबाबदारी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची. विद्यार्थी तेच शिकतात जे विचारले जाते. 'किक द बकेट'चा अर्थ चार पर्यायांतून निवडायला लावण्याऐवजी उताऱ्यातली चुकलेली शब्दजोडी दुरुस्त करायला सांगा, प्रसंग देऊन त्याला शोभेल असा प्रयोग निवडायला सांगा. परीक्षा मंडळांनी आणि लोकसेवा आयोगांनी एवढा बदल केला तर पुढच्या वर्षीच मार्गदर्शक पुस्तके बदलतील, आणि गावोगावची मुले जे इंग्रजी खरोखर बोलले जाते तेच शिकू लागतील. हा बदल त्यांनी करावा.